घोडीवर ठीक, ट्रॅकवर रेस अडकते: घरी बांधलेल्या ड्रॅग कारचं जुनं दुखणं

गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर, उभी असते तोवर रेस, म्हणजे ॲक्सिलेटर, कधीच अडकत नाही. पेडल दाबा, सोडा, खट्कन मागे. वायर नवी, स्प्रिंग नवी, तेल घातलेलं. मग गाडी ट्रॅकवर जाते. पहिला रन छान होतो आणि दुसऱ्याला फिनिशच्या पुढे पाय उचलला तरी गाडी ओढतच राहते. टोचन लावून परत आणावी, बॉनेट उघडावं, तर सगळं जागच्या जागी. कुणीतरी म्हणतं, "स्प्रिंग कमी पडतेय." जाड स्प्रिंग लागते. पुढच्या वेळी पुन्हा तेच.

हे मी ओळखीतल्या चार-पाच गाड्यांत पाहिलंय. त्यातली एक माझीच होती: जुन्या एस्टीमच्या बॉडीत बलेनोचं १.६ इंजिन. आपल्याकडे हा मेळ नेहमीचा आहे. बॉडी हलकी, इंजिन सुझुकीच्या त्याच जी मालिकेतलं, त्यामुळे बसवताना फार तोडफोड नाही. पण "सहज बसतं" या दोन शब्दांतच ही अडचण दबा धरून असते. इंजिन सहज बसतं, रेस वायरचं ब्रॅकेट बसत नाही. मग आपण एक एल-पट्टी कापतो, दोन भोकं पाडतो, आणि ती जिथे जागा मिळेल तिथे ठोकतो.

आधी हिशेब करू, म्हणजे ही किरकोळ गोष्ट नाही हे पटेल. ड्रॅग शर्यतीचे सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल, संपताना गाडी ताशी १६० किलोमीटरवर असेल, तर ती सेकंदाला ४४ मीटर जातेय. "अरे, हे काय झालं?" एवढं डोक्यात यायला एक सेकंद लागतो. तेवढ्यात ४४ मीटर गेले, आणि पुढे थांबायला किती जागा आहे ते ठिकाणावर अवलंबून. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर असो वा आणखी कुठे, रस्ता कुठेतरी संपतोच. अमेरिकेत जून २००८ मध्ये इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा हा नावाजलेला चालक थांबण्याच्या पट्ट्यापलीकडे जाऊन मरण पावला. त्यानंतर तिथल्या सगळ्यांत वेगवान दोन वर्गांची शर्यत पाव मैलावरून १,००० फुटांवर आणली गेली. त्या अपघाताचं कारण वेगळं होतं, पण धडकी भरवणारी गोष्ट तीच: वेग आहे आणि जागा संपत आलीय.

आत्ता अडकली तर

क्लच दाबा आणि इग्निशन तोडा. दोन्ही एकदम. क्लच दाबल्यावर इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. इंजिन फुटलं तर पुन्हा बांधता येतं. पेडल वर यावं म्हणून वाकून हाताने ओढायला जाऊ नका. बेल्ट आवळलेला असेल तर हात पोचत नाही, आणि पोचला तर रस्त्यावरची नजर गेली.

इग्निशन तोडायचं म्हणजे किल्ली पूर्ण फिरवायची नाही. बहुतेक घरी बांधलेल्या गाड्यांमध्ये मूळचा स्टिअरिंग कॉलम तसाच असतो, आणि किल्ली शेवटच्या टप्प्यावर गेली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ताशी १६० वर लॉक झालेलं स्टिअरिंग म्हणजे काय ते सांगायला नको. गाडी फक्त ट्रॅकची असेल तर तो लॉकचा खिळा काढूनच टाका आणि इंजिन बंद करायला वेगळा स्विच द्या. त्याबद्दल खाली बोलू. आणखी एक: इंजिन बंद झालं की ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम भरणं थांबतं. साठलेल्या व्हॅक्यूमवर एखाद-दुसऱ्यांदाच नीट दाबता येईल. म्हणून ब्रेक एकदाच दाबायचा आणि धरून ठेवायचा, पंप करायचा नाही.

कधी अडकते ते आधी लिहून काढा

पाना हातात घ्यायच्या आधी वही घ्या. थंड असताना अडकली की गरम? अर्ध्यावर अडकली की तळाला? पाय उचलताना की लाँचला, म्हणजे सुटताना? या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निम्मं निदान होतं. "कधीकधी अडकते" असं सांगणारा आणि जाड स्प्रिंग लावणारा बहुधा एकच माणूस असतो.

माझ्या गाडीचं उत्तर होतं: पाय उचलताना, थोडीच, आणि गाडी उभी राहिली की नाही. हे कळल्यावरही मला दोष सापडायला तीन आठवडे लागले, कारण मी इंजिन बंद ठेवून, गाडी उभी ठेवून शोधत होतो. म्हणजे जे हलतं ते न हलवता.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आणि आडवं इंजिन असलेल्या गाडीत काय होतं बघा. जोर लावला की चाकं पुढे फिरतात आणि त्याची उलटी फेक इंजिनवर येते. इंजिनचा माथा मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) झुकतो. पाय उचलला, इंजिन ब्रेकिंग सुरू झालं, की तोच माथा पुढे झुकतो. फाउंडेशनची, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती, रबरं जुनी असतील तर हे झुकणं बोटभर असतं. आता वायरचं ब्रॅकेट जर फायरवॉलवर असेल आणि तिथून आउटर (वायरीचं बाहेरचं आवरण) संपून फक्त इनर (आतली तार) मोकळी पुढे थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, लिव्हरपर्यंत जात असेल, तर पाय उचलताच इंजिन पुढे जातं, ब्रॅकेट जागेवरच राहतं, मधलं अंतर वाढतं आणि वायर ओढली जाऊन थ्रॉटल उघडतं. रेस अडकलेली नसतेच. इंजिन स्वतःची रेस स्वतःच देत असतं. वर आणखी उघडलं की माथा पुन्हा मागे जातो, मिटतं, पुन्हा पुढे. चालकाला एवढंच कळतं की पाय उचलला तरी गाडी ऐकत नाही. ब्रॅकेट रेडिएटरच्या बाजूला ठोकलेलं असेल तर हेच उलट होतं आणि लाँचला गाडी आपण दिली त्यापेक्षा जास्त रेस घेते.

तपासायचं असं. इंजिन बंद, बॅटरीची वायर काढलेली, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके. एकाने मजबूत लाकडी दांडा योग्य ठिकाणी अडकवून इंजिन पुढे-मागे हलवायचं. ॲल्युमिनियमच्या सांप्याखाली (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याखाली) दांडा घालू नका. दुसऱ्याने थ्रॉटलच्या लिव्हरकडे बघायचं. पेडलला कुणीही हात लावायचा नाही. लिव्हर केसभरही हलली तर दोष सापडला. हाच प्रयोग इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, क्लच अर्धा सोडूनही करतात. मी करत नाही. गाडीसमोर माणूस, गिअरमध्ये गाडी आणि संशयित रेस, हे तीन एका जागी नकोत.

इलाज साधा आहे: आउटरचं शेवटचं ब्रॅकेट इंजिनवरच, हवेच्या नळ्यांच्या मॅनिफोल्डवर किंवा थ्रॉटल बॉडीवरच हवं. म्हणजे इंजिन हललं की ब्रॅकेट आणि लिव्हर बरोबर हलतील आणि मधलं अंतर बदलणार नाही. फायरवॉल ते ब्रॅकेट या टप्प्यात आउटरला मोकळी वेलांटी द्या, ताणून बसवू नका. ताणलेली असेल तर इंजिन हलताना आउटरच्या टोकाची टोपी खोबणीतून उचलली जाते आणि परत येताना खोबणीच्या काठावर बसते. मग वायर तेवढी कायमची ओढलेली राहते. त्या टोपीला क्लिप हवी. "घट्ट बसलीय" यावर भागत नाही. माझं ब्रॅकेट शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरला एका लेथवाल्या काकांनी ५ मिमी पत्र्यात करून दिलं. पहिली एल-पट्टी बघून ते एवढंच म्हणाले, "हे दाराला लावायचं कोयंडं हाय."

घट्ट फाउंडेशन किंवा टॉर्क रॉड (इंजिनचं झुकणं रोखणारा दांडा) लावला की हलणं कमी होतं आणि दोष झाकला जातो. झाकलेला दोष मोठ्या टायरांबरोबर परत येतो, कारण पकड वाढली की फेकही वाढते. क्लचची वायर आणि गिअरच्या दांड्या यांनाही हेच लागू. लाँच केल्यावरच तिसरा गिअर चुकत असेल आणि गॅरेजात कधीच चुकत नसेल, तर गिअरबॉक्स उघडण्याआधी इंजिन किती नाचतं ते बघा.

गरम झाल्यावरच अडकते

वायरची वाट बघा. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या आउटरमधला प्लास्टिकचा अस्तर-थर उष्णतेने मऊ होतो आणि इनरला धरतो. थंड झाला की सोडतो. त्यामुळे परत आणून तपासेपर्यंत पुरावा गायब. वायर काढून हातात घ्या, पूर्ण लांबीवरून बोट फिरवा. जिथे फुगलीय, चपटी झालीय, चमकतेय, तिथे दोष. अशा वायरीला तेल घालून काही होत नाही. नवी टाका आणि वाट बदला. पत्र्याची आड लावणं हा दुसरा पर्याय, पहिला नाही. वळणं मोठी ठेवा. हाताच्या पंजाएवढ्या घेरापेक्षा लहान वळण दिसलं की मला चैन पडत नाही.

इनरचं तुटलेलं टोक वेल्डिंगने किंवा पितळ ओतून जोडायचा मोह होतो. करू नका. उष्णतेने त्या जागेची पोलादी तार ठिसूळ होते आणि ती तुटते नेमकी तिथेच. चोकच्या वायरीची रेस वायर करणं हाही असाच जुगाड.

चार वेगळ्या थ्रॉटल बॉडी बसवल्या असतील, मोटरसायकलच्या घेऊन आपल्याकडे बरेच जण बसवतात, तर आणखी एक शक्यता असते. मॅनिफोल्डची फ्लँज सपाट नसेल तर नट आवळताना बॉडी पिळली जाते आणि बटरफ्लायचा (थ्रॉटलमधल्या फिरणाऱ्या चकतीचा) शाफ्ट धरतो. थंड असताना जेमतेम फिरतो, गरम झाल्यावर तेवढंही नाही. वायर आणि स्प्रिंग काढा, शाफ्ट बोटाने फिरवत फिरवत नट एकेक करून आवळा. कुठल्या नटाला जड झाला ते बोटाला कळतं. फ्लँज घासून सपाट करा, नट ढिले ठेवून चालवू नका.

तळाला दाबल्यावरच अडकते

पेडलखाली ठोकळा नाही, हे याचं नव्वद टक्के कारण. ही टक्केवारी माझ्या अंदाजाची, पण पैज लावायला मी तयार आहे. ट्रॅकवर कुणी पेडल हळुवार दाबत नाही, लाथ घालतो. खाली ठोकळा नसेल तर त्या लाथेचा सगळा जोर वायर, लिव्हर आणि बटरफ्लायच्या पातळ चकतीवर जातो. वायर लांबते, लिव्हर वाकते, बटरफ्लाय सरळ उभी राहण्याऐवजी पलीकडे कलते आणि बोअरमध्ये, म्हणजे हवेच्या भोकात, रुतते. स्प्रिंगचंही तसंच. पूर्ण उघड्या स्थितीत स्प्रिंगच्या ओढीची रेषा शाफ्टच्या मध्यावरून पलीकडे गेली, तर जी स्प्रिंग मिटवायला लावली तीच उघडं धरून ठेवते. आणि जितकी जाड स्प्रिंग, तितकी घट्ट धरते.

फरशीवर चेकनटसकट एक बोल्ट लावा. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने बॉनेटखाली बघायचं. बटरफ्लाय सरळ होण्याच्या किंचित आधी पेडल बोल्टला टेकलं पाहिजे. ही जुळणी चालकाने स्वतः, स्वतःच्या बुटाने, सीटवर बसून करायची. हलकी करण्यासाठी फायरवॉल आणि फरशीचा पत्रा कापलेला असेल तर पायाच्या जोराने पत्राच वाकतो, आणि हाताने दाबून केलेली जुळणी खोटी ठरते.

जाड स्प्रिंगचा आणखी एक तोटा लोक ध्यानात घेत नाहीत. ती शाफ्टला सतत एका बाजूला ओढते. बुश एकीकडे झिजतो, चकती तिरकी होते आणि बोअरला घासू लागते. अडकू नये म्हणून लावलेली स्प्रिंग वर्षभरात अडकण्याचं कारण होते. एका जाड स्प्रिंगऐवजी दोन मध्यम लावा, वेगवेगळ्या खुंट्यांना, आणि दोन्ही थ्रॉटलच्या लिव्हरला. फक्त पेडलला लावलेली स्प्रिंग पेडल वर आणते. वायर तुटली किंवा आउटरमध्ये रुतली तर थ्रॉटलला तिचा उपयोग शून्य. चाचणी: इंजिन चालवून गरम करा, बंद करा, एक स्प्रिंग काढा, पूर्ण उघडून सोडा. मिटलं पाहिजे. मग ती लावून दुसरी काढा, पुन्हा तेच.

वॉली पार्क्सने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या एनएचआरए या संस्थेच्या नियमांत हे सगळं आहे: परतीची स्प्रिंग थेट थ्रॉटलच्या लिव्हरला, मध्य ओलांडू नये म्हणून अडसर, आणि बदललेल्या दांड्यांच्या जोडणीत पायाच्या पंजाने पेडल वर ओढता येईल अशी सोय. ही शेवटची सोय वायरीच्या जोडणीला बंधनकारक नाही, आणि त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. दांडा ढकलतोही आणि ओढतोही. वायर फक्त ओढते. वायरीच्या गाडीत पेडलला पट्टा बांधून तुम्ही ते वर ओढाल, थ्रॉटल जिथे आहे तिथेच राहील. मी असे पट्टे बांधलेले पाहिलेत. छान दिसतात.

आपल्याकडच्या स्पर्धांतही स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीत, पेडल दाबून बघतात. पण तिथे इंजिन थंड असतं, गाडी उभी असते, हलणारं काही हलत नसतं. स्क्रूटिनीत पास झालो म्हणजे रेस अडकणार नाही, असा अर्थ काढू नका.

स्विच दाबला तरी इंजिन चालूच

आता तो स्विच. बॅटरी डिकीत नेली, मागे सगळी वीज तोडणारा लाल कट-ऑफ स्विच लावला, स्टिकर चिकटवला. इंजिन चालू असताना दाबून बघितलंत का? बघाच. पुष्कळ गाड्यांत इंजिन ढिम्म चालत राहतं. कारण स्विच फक्त बॅटरी तोडतो आणि इग्निशनला अल्टरनेटर पोसत राहतो. यावर दोन वाटा आहेत. अल्टरनेटरची जाड वायर थेट स्विचच्या बॅटरीकडच्या टोकाला न्यायची, योग्य फ्यूज घालून, कारण ती वायर आता कायम जिवंत राहणार. किंवा जास्तीची टोकं असलेला स्विच घेऊन त्यातूनच इग्निशनही तोडायचं. पेट्रोल पंप त्याच तोडीत यायलाच हवा. नुसत्या आयडलवर नाही, ३,००० आरपीएमवर ठेवून चाचणी घ्या.

मागचा स्विच बाहेरच्या लोकांसाठी. चालकाचा वेगळा, आणि त्याची जागा ठरवताना सगळ्यांची चूक होते, कारण ती बेल्ट न लावता ठरवतात. सीटवर बसा. हेल्मेट, हातमोजे, बूट, खांद्याचे पट्टे रनला आवळता तसे आवळलेले. आता डोळे मिटा आणि स्विच शोधा. आधी डाव्या हाताने, मग उजव्या. आपल्या गाडीचं स्टिअरिंग उजव्या बाजूला. डावा हात गिअरवर, उजवा स्टिअरिंगवर. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला मस्त ओळीत लावलेल्या पाच सारख्या दिसणाऱ्या टॉगलपैकी तिसरा, ही जागा होत नाही. स्टिअरिंगच्या पुढेच, दोन्ही हातांना मिळेल असा, बाकी सगळ्यांपेक्षा वेगळ्या आकाराचा. फॅनचा स्विच त्याच्या शेजारी नको.

याच बैठकीत बाकीचंही उरकून घ्या. क्विक-रिलीज स्टिअरिंग बसवल्यावर आवाजावर विश्वास न ठेवता ओढून बघा. ब्रेकचं पेडल ॲक्सिलेटरपेक्षा उंच आणि मध्ये बुटाची पूर्ण रुंदी जाईल एवढी फट. ड्रॅगला एकाच पायाने ब्रेक आणि रेस दाबायचं टाच-पंजाचं कौशल्य लागत नाही, फटीत अडकणारा बूट मात्र नक्की अडकतो. लाइन लॉकचं (एकाच जोडीच्या चाकांचे ब्रेक धरून ठेवणारं) बटण दाबून धरायचंच असावं, टॉगल कधीच नको. बटण-स्टार्ट केलं असेल तर क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये असा स्विच घाला, नाहीतर कुणीतरी खिडकीतून हात घालून बटण दाबतो आणि गिअरमधली गाडी समोरच्या टूलबॉक्सवर जाते. आमच्याकडे तो टूलबॉक्स अजून आहे, झाकण बसत नाही.

जादा ताकदीसाठी नायट्रस गॅस असेल तर त्याचा मायक्रोस्विच पेडलवर न लावता थ्रॉटलच्या लिव्हरवर लावा, आणि वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या होईपर्यंत बाटली घरीच राहू दे.

सगळं जुळल्यावर पहिली चाचणी बंद जागेत, पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या रेसवर: जोर, उचल, जोर, उचल, दहा-बारा वेळा, मग लगेच बॉनेट उघडून आउटरच्या दोन्ही टोप्यांना बोट लावून बघायचं. मी रंगाच्या पेनने टोपी आणि ब्रॅकेटवर एक सलग रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली तर गाडी परत घोडीवर.